एल्बो अप, काका!

फ्रंट स्क्वॉट, म्हणजे वजनाचा लोखंडी दांडा (बार) खांद्यांवर पुढून घेऊन मारायची बैठक, हा पायांचा व्यायाम आहे असं सगळे सांगतात. मांड्या, पोट, पाठीचा वरचा भाग अशी यादीही देतात. त्या यादीत मनगट कुठेच नसतं आणि माझं दुखतं ते फक्त मनगट. पाय बिचारे खाली उभे राहून आपली पाळी कधी येते याची वाट बघतात.

साध्या स्क्वॉटमध्ये बार पाठीवर असतो. दिसत नाही, त्यामुळे निदान भीती तरी वाटत नाही. पण मी खाली बसताना पुढे वाकायचो आणि कंबर कुरकुर करायची. म्हणून आमच्या डोंबिवलीच्या जिममधल्या ट्रेनरने बार पुढे आणवला. पुढे म्हणजे दोन्ही खांद्यांच्या पुढच्या मांसल भागावर, जवळजवळ गळ्याला टेकवून. धड ताठ ठेवलं तरच तो तिथे राहतो. जरा वाकलं की बार निघाला जमिनीकडे. म्हणजे शिस्त लावायला माणूस लागत नाही, पण हात कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो.

ट्रेनर माझ्या पुतण्याच्या वयाचा. काका म्हणतो आणि हुकूम सोडतो.

"काका, बार घट्ट धरायचा नाही."

"मग?"

"दोन-तीन बोटं नुसती खाली अडकवायची. वजन खांद्यावर. कोपरं समोर, एकदम वर. एल्बो अप!"

"वजन खांद्यावर आहे तर बोटं कशाला?"

"बार घरंगळू नये म्हणून."

आपलं म्हणणं पटवायला त्याने रिकामा बार स्वतःच्या खांद्यावर ठेवला, दोन्ही हात समोर सरळ केले आणि हात न लावता आरामात खाली बसून उठला. याला झॉम्बी म्हणतात म्हणे. मग मी केलं. आमचा रिकामा बार २० किलोचा आणि सव्वादोन मीटरच्या आसपास लांब आहे. तो माझ्या पायांपुढे पडला तेव्हा ट्रेडमिलवरच्या सगळ्या बायकांनी एकदम मागे वळून पाहिलं. त्यानंतर झॉम्बीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

बोटं अडकवून कोपरं वर करायची म्हणजे मनगट मागे इतकं वळवावं लागतं, की देवाने ही सोय केली होती का अशी शंका येते. यूट्यूबवर कळलं की दोष एकट्या मनगटाचा नसतो. बगलेमागचा स्नायू आखडलेला, दंडाची मागची बाजू आखडलेली, की कोपर वर येत नाही आणि सगळा भार मनगटावर पडतो. शिवाय कोपराखालचा हात दंडाच्या मानाने लांब असेल तर आणखी पंचाईत. मी लगेच बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

"अहो, शर्ट शिवायला टाकताय का?"

"नाही. माझा हात खालून लांब आहे का बघतोय."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कुकरकडे गेली. ताण सैल करायला मी पोछ्याची काठी खांद्यावर घेऊन रोज सकाळी हॉलमध्ये उभा राहू लागलो. फायदा झाला, नाही असं नाही. पण फरशी पुसायच्या वेळी काठी जागेवर नसायची, आणि आमच्या मावशींनी सोसायटीत काय सांगितलंय ते मला अजून कळलेलं नाही.

सासरे सांगलीचे. ते रविवारी आले आणि त्यांनी काठी बघितली. "जावईबापू, संकेत सरगर आमच्या सांगलीचाच. वडिलांची पानाची टपरी. पोरानं बर्मिंगहॅमला रुपेरी पदक आणलं." खरंच आहे ते. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने दोन प्रकारांत मिळून एकूण २४८ किलो उचललं. सोनं अवघ्या एका किलोने हुकलं, तेही क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, कोपर दुखावल्यावर. सासऱ्यांचा रोख असा, की त्याने तिथे १३५ किलो खांद्यावर घेतलं आणि तुम्हाला पोछ्याची काठी पेलत नाही.

पण त्यांच्या त्या टोमण्यातच मला माझं उत्तर सापडलं. वेटलिफ्टरला बार जमिनीवरून खांद्यावर घेऊन तिथून डोक्यावर न्यायचा असतो. त्याचे हात बाराखाली हवेतच, त्याशिवाय पुढचं काम होणार नाही. मला बार कुठेही न्यायचा नाही. रॅकवरून घेतो, बसतो, उठतो, परत रॅकवर ठेवतो, आणि नऊ पाचची लोकल पकडतो. मग बँकेत चेक तपासणाऱ्या माणसाने ऑलिंपिकवाल्यांची पकड का मिरवावी? जिममधल्या निम्म्या सक्तीमागे एवढंच असतं, कुणीतरी मोठं माणूस तसं करतं.

ट्रेनरला हे ऐकवलं. तो म्हणाला, "मग क्रॉस करा." उजवा हात डाव्या खांद्यापाशी, डावा उजव्यापाशी, बार मध्ये. थेट शाळेतली हाताची घडी. तोंडावर बोट तेवढं बाकी. मनगटाला खरंच सुख. पण माझा वरचा हात एक सांगतो आणि खालचा दुसरं, त्यामुळे बार एका बाजूला कलतो. आणि दमलो की कोपरं हळूच खाली येतात. पुन्हा "एल्बो अप, काका!" बार घासून गळ्याखालच्या हाडावर लाल वण उठले ते वेगळंच. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी ते पाहिले आणि काही न विचारता नुसत्या हसल्या. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा लौकिक मिळेल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून वरचं बटणही लावतो.

शेवटी सुटका केली ती स्ट्रॅपने. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलून उभं राहताना, पकड सुटू नये म्हणून गुंडाळतात तो कापडी पट्टा. खांद्याएवढं अंतर ठेवून बाराला दोन पट्टे अडकवायचे आणि वर आलेली टोकं मुठीत धरायची, अंगठे वर. मनगट सरळ, कोपरं वर, गळा मोकळा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी ट्रेनरकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तो फोनवर होता. बेंचवरचा एक दंडवाला पोरगा मात्र म्हणाला, "काका, स्ट्रॅप म्हणजे चीटिंग." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तो मुलगा पायांचा व्यायाम करताना आजवर कुणालाही दिसलेला नाही.

मनगटाची तक्रार संपल्यावर मी साहजिकच प्लेटा वाढवल्या. आणि आत्तापर्यंत गप्प असलेल्या मांड्यांना एकदाची पाळी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर मी कसाबसा चढलो, पण फलाटावर उतरेना. एकेक पायरी, आडवा होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून. मागून एक तरुण आला.

"काका, काय झालं?"

"फ्रंट स्क्वॉट."

त्याने गंभीरपणे मान हलवली, माझी डब्याची बॅग स्वतःकडे घेतली आणि विचारलं, "डॉक्टर कोणते आहेत?"