रक्तगट एकच असला म्हणून थॅलेसेमिया होत नाही

लग्नसराईत एक मेसेज हमखास फिरतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलांची जनुकं बिघडतात आणि थॅलेसेमिया किंवा सिकल सेल (रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार) होतो. घराण्यात आजार नसेल तर धोका नाही. रक्त कमी भरलं तर लोहाच्या गोळ्या घ्या, पुरे. यातलं एकही विधान टिकत नाही.

ए-बी-ओ रक्तगटाचं जनुक 9व्या गुणसूत्रावर असतं, आरएचचं (ज्यावरून गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरतं) पहिल्या. सिकल सेल आणि बीटा थॅलेसेमिया (इथे थॅलेसेमिया म्हणजे हाच) ज्या जनुकामुळे होतात ते बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाचं, जनुक 11व्यावर. आपल्याकडे ओ आणि बी हे गट इतके सर्रास आहेत की चार जोडप्यांत साधारण एक तरी एकाच गटाचं निघतं. मेसेज खरा असता तर गल्लोगल्ली रुग्ण दिसले असते. रक्तगटाची खरी अडचण येते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना, म्हणजे गट वेगळे असताना! तिथेही जनुक बिघडत नाही. आईच्या शरीरात बाळाच्या लाल पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि ती टाळायला बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात.

'जनुकं बिघडतात' हा शब्दप्रयोगही फसवा. डीएनएची नक्कल होताना चुका होतात, किरणोत्सर्ग आणि काही रसायनं त्यात भर घालतात, हे खरं. पण या आजारांतली उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकातले बदल, बहुतेक वेळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात; लग्नामुळे ती घडत नाहीत. सिकल सेलमध्ये डीएनएचं फक्त एक अक्षर बदलतं: जीएजीचं जीटीजी होतं आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात, पेशी कोयत्यासारखी वाकते. बीटा थॅलेसेमियात प्रथिनाचा आकार नव्हे, त्याचं प्रमाण घसरतं, आणि त्याला कारणं अनेक. भारतात सर्वाधिक आढळणारा बदल जनुकाच्या कापाकापी-जोडणीच्या (प्रतीतला नको तो भाग कापून उरलेलं जोडण्याच्या) जागी आहे. कुठे एक अक्षर जास्तीचं घुसून पुढचं सगळं वाचन सरकतं, तर कुठे 619 अक्षरांचा तुकडाच गायब असतो.

घराण्यात कुणी आजारी नाही, यावरही विसंबू नका. वाहकाला, म्हणजे ज्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष आहे त्याला, सहसा काहीच त्रास नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के; पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. एक सिकल सेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, तरी हिशेब तोच. सिकल सेल जास्त आढळणाऱ्या विदर्भात किंवा नंदुरबारकडे निव्वळ सोल्युबिलिटी चाचणीवर (सिकल हिमोग्लोबिन विरघळतं का हे पाहणाऱ्या साध्या रक्तचाचणीवर) थांबणं म्हणूनच अपुरं: ती सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण हे नाही, आणि थॅलेसेमिया तिला दिसतच नाही.

लोहाच्या गोळ्यांचं म्हणाल, तर थॅलेसेमिया वाहकाच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 80च्या खाली आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर असते. असा रिपोर्ट आला की आधी फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा) बघावं. लोह खरोखर कमी असेल तरच गोळ्या घ्याव्यात. मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) करावी; त्यातला हिमोग्लोबिन ए-टू हा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेला तर थॅलेसेमियाचा वाहक. लोहाची कमतरता हा आकडा खाली ओढते, म्हणून काठावरचा निकाल लोह भरून आल्यावर पुन्हा तपासतात. सिकल सेल वाहकाचा सीबीसी बहुधा अगदी नॉर्मल येतो, त्याला एचपीएलसीच लागते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबावं, नाहीतर मशीन रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजतं.