पोरीनं तोंडातली प्लेट काढली, तर एवढं काय झालं?

आज जुळे सोलापुरात नात्यातल्या एकांच्या वास्तुशांतीला गेले होते. घरी येऊन तासभर झाला, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलेय.

पंगतीत माझ्यासमोरच बारावीतली एक मुलगी बसली होती. ताट वाढून झालं तसं तिनं मान वळवली, तोंडावर रुमाल धरून रिटेनर, म्हणजे दातांच्या तारा निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायची प्लेट, काढला, निळ्या डबीत ठेवला आणि डबी मांडीवर घेतली. एवढंच. ना कुणाच्या ताटाला हात लागला, ना कुणाला काही दिसलं. शेजारच्या बाईंनी मात्र अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय काढायलीस गं तोंडातनं? या वयात कवळी बसवलीस का काय?" रांग हसली. मुलीनं डबी ओढणीखाली सरकवली. आणि तिची आई काय म्हणाली? "राहू दे गं, घरी गेल्यावर घाल." जेवण झालं, विडे झाले, तरी ती डबी काही उघडली नाही.

दोन-दोन वर्षं पोरगी तारा लावून फिरते. गाल आतून सोलतात, शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर असूनही हात आखडता घ्यावा लागतो, दर महिन्याला तारा आवळल्या की दोन दिवस वरणभातावर काढावे लागतात. हे सगळं सोसून झाल्यावर शेवटची जी वस्तू हातात येते, तिचीच लाज वाटायची?

माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. तिचे वरचे दात एकमेकांवर चढलेले होते. "दात नीट झाले की स्थळं बघू," असं घरात ठरलं आणि वडिलांनी हप्त्याहप्त्यानं पैसे भरून तारा लावल्या. तारा निघाल्या, रिटेनर मिळाला, लग्न झालं. सासरी एका सकाळी ती मोरीत रिटेनर धूत असताना सासूनं पाहिलं. "पोरीचे दात खोटे आहेत आणि आम्हाला सांगितलं नाही!" दुपारपर्यंत ही गोष्ट चार घरांत गेली. आमच्या आईला फोन आला. आईनं समजावलं, बहिणीनं समजावलं, पण त्या घरात ती प्लेट पुन्हा कुणाला दिसता कामा नये असंच ठरून गेलं. नवरा म्हणाला, "कशाला वाद, झालेत की आता सरळ."

हे "झालेत की आता सरळ" ऐकलं की माझा संताप होतो. दात म्हणजे काय भिंतीत ठोकलेला खिळा आहे? मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, त्यावर दात धरलेला असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं आणि दात सरकतो. पण तारा काढल्या त्या दिवशी ते नवीन हाड कच्चंच असतं आणि हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढत असतात. ते निवायला महिनोन्महिने लागतात, काही तंतूंना तर वर्षही लागतं. जो दात फिरवून सरळ केलेला असतो, त्याची ओढ सगळ्यात जास्त. बहिणीचा सुळ्याशेजारचा दात असाच फिरवलेला होता. पुन्हा वळला तो पहिला तोच.

रिटेनर दाताला जागेवर धरून ठेवतो. सुरुवातीचे काही महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, मग डॉक्टर सांगतील तसा फक्त रात्री. आणि "कधीपर्यंत?" असं विचाराल तर दात सरळ हवे आहेत तोपर्यंत. कधीच तारा न लावलेल्या माणसाचेसुद्धा खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटी करतात, आरशात बघा. टाळूवर गुलाबी प्लेट आणि पुढे तार असते ना, ती अमेरिकेतल्या चार्ल्स हॉली नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी १९१९ साली मांडली. शंभर वर्षं उलटली, आणि आपल्याकडे ती अजून पंगतीत हसायची गोष्ट!

हो, ताटाशेजारी तोंडातली वस्तू काढलेली बघून कुणाला कसंतरी होतं, हे मान्य. बेसिनवर जाऊन काढावी. पण मग बेसिनपाशी डबी ठेवायला हातभर जागा पण द्या की. लाज वाटली की पोरी काय करतात? कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात आणि पत्रावळ्यांबरोबर ती पुडी कचऱ्यात जाते. माझ्या बहिणीनंही कागदात गुंडाळून कपाटात साड्यांमागं ठेवला होता. जावेनं कपाट आवरताना कचरा समजून टाकून दिला. नवीन करायचा तर पैसे माहेरचेच, आणि मागायचे कुठल्या तोंडानं?

खरं तर तिची सासू वाईट बाई नाही. दोन्ही बाळंतपणं तिनंच केली, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं. तिला कुणी नीट सांगितलंच नाही. तारा काढताना डॉक्टरांकडेही गर्दी होती, "रात्री घालत जा" एवढं एक वाक्य आणि पुढचा पेशंट. दोन वर्षं ज्या घराकडून पैसे घेतले, त्या घराला दहा मिनिटं बसवून सांगता येत नाही?

म्हणून मीच सांगते. घातलेल्या रिटेनरवर साधं पाणी सोडून काही प्यायचं नाही. आपला घोटाघोटाचा चहा तर नाहीच, गरम चहानं पारदर्शक रिटेनर वाकतो आणि पिवळाही पडतो. धुवायचा गार पाण्यानं, मऊ ब्रशनं. स्वच्छ होईल म्हणून उकळत्या पाण्यात टाकू नका. टूथपेस्टनं त्यावर चरे पडतात आणि चऱ्यात घाण बसते. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं बादलीला जो पांढरा थर धरतो, तोच रिटेनरवरही धरतो, त्यामुळे धुवायला आणि भिजवायला पिण्याचं पाणी घ्या. ४२-४३ डिग्रीच्या उन्हात बंद गाडीत डबी विसरू नका. घालताना बोटांनी बसवा, दातांनी चावून नाही. काढताना दोन्हीकडून सारखा सोडवा, एकाच बाजूनं ओढला की तडकतो. घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर, लाळेच्या वासानं ते हमखास चावतं.

ज्यांच्या खालच्या दातांमागं बारीक तार कायमची चिकटवलेली आहे, त्यांनी जिभेनं रोज चाचपावं. एका दातावरचा डिंक सुटला तर दुखत नाही, कळतही नाही, आणि तेवढाच दात हळूच वळतो. लाळेच्या ग्रंथी तिथंच उघडतात म्हणून त्या जागी किटणही लवकर चढतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. बहिणीचा भाऊबीजेचा फोटो समोर आहे. सगळे हसतायत, तिचा हात तोंडावर. तारा काढल्या त्या दिवशी हीच मुलगी नवी पेठेतल्या प्रत्येक दुकानाच्या काचेत बघून हसत होती, "ताई, बघ ना, बघ ना," करत. तिला मी म्हटलंय, पुन्हा तारा लावू, मी बघते पैशांचं. ती म्हणते, "आता या वयात कशाला?" छत्तिसाव्या वर्षी! हिरड्या आणि हाड धड असेल तर चाळिशीतही लावतात. सोडणार नाहीये मी तिला.

आणि ज्यांचा रिटेनर हरवलाय, तुटलाय किंवा काही दिवस न घातल्यानं आता दाटून बसतोय, त्यांनी "सुट्टीत बघू" करू नका. दाटतो म्हणजे दात सरकायला लागलेत. अजिबात बसत नसेल तर जोर करून दाबू नका. मला इनबॉक्समध्ये डॉक्टरांचं नाव विचारू नका, ज्यांनी तारा लावल्या त्यांच्याकडेच याच आठवड्यात जा, जुना साचा ठेवलाय का ते विचारा, आणि जाताना घरातलं एक मोठं माणूस सोबत न्या.