“ब्लीच मारा, सीट नवी करा”: बोटीच्या सीटची वाट लावणारा सल्ला

पाऊस ओसरायला लागला आणि बोटी पुन्हा पाण्यात घालायची घाई सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या हर्णै-मुरूडच्या बोटी असोत, तारकर्ली-देवबागच्या असोत, की मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या, सगळीकडे तो पोहोचलेला असतो. त्यात थोडक्यात असं सांगितलंय: काळ्या पडलेल्या रेक्झिनच्या सीटवर ब्लीच आणि धुण्याची पावडर समप्रमाणात कालवून लावा, रात्रभर ठेवा. उरलेले डाग जादूच्या पांढऱ्या स्पंजाने घासा. प्रेशर पंपाने धुऊन काढा. वरून खोबरेल किंवा डॅशबोर्डचं पॉलिश चोळा. आणि पुढच्या पावसाळ्यात वारा शिरणार नाही अशी ताडपत्री आवळून बांधा. खर्च पन्नास रुपये, सीट नवी.

पहिल्या दिवशी सीट खरोखर पांढरी दिसते, म्हणून लोक विश्वास ठेवतात आणि पुढे पाठवतात. पण या पाचही गोष्टी सीटचं आयुष्य कमी करतात. का, ते समजायला आधी सीट कशाची असते ते पाहू.

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते व्हिनाइल, म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पाण्याचा कडक पाइपही पीव्हीसीचाच. सीट मऊ असते ती त्यात मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्यामुळे, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. मऊ व्हिनाइलमध्ये ते वजनाने जवळजवळ एक तृतीयांश असू शकतं. ते निघून गेलं की सीट पुन्हा पाइपच्या वळणावर जाते: आधी ताठरते, मग जिथे ती ताणून बसवलेली असते त्या कोपऱ्यांवर बारीक चिरा पडतात. हे द्रव्य आत राहावं आणि मळ वरच राहावा म्हणून बोटीसाठी बनवलेल्या चांगल्या व्हिनाइलवर एक अतिशय पातळ संरक्षक लेप असतो. डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला फक्त गुळगुळीतपणा कळतो. सगळा खेळ त्या लेपाचा आहे.

“ब्लीच आणि पावडर, रात्रभर”

घरात मिळणाऱ्या ब्लीचमध्ये साधारण ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. ते बुरशीचा रंग घालवतं, हे खरं आहे. पण रात्रभर ठेवल्यावर ते बुरशीपाशी थांबत नाही. वरचा लेप खातं आणि शिवणीच्या दोऱ्यात शिरतं. सुती आणि नायलॉनचा दोरा ब्लीचने कुजतो, आणि गावात सीट शिवून देणाऱ्यांकडे बऱ्याचदा नायलॉनचाच दोरा असतो. म्हणून धुतलेली सीट दिसते छान, आणि दोन महिन्यांनी कुणीतरी जरा धपकन बसलं की पायपिंगच्या, म्हणजे शिवणीवरच्या गोल किनारीच्या, कडेने टर्रकन उसवते. दोष बसणाऱ्याला दिला जातो. धुण्याची पावडर तर चांगलीच अल्कधर्मी असते आणि शिवणीत अडकून राहिली की सहज निघत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. ब्लीच सुकल्यावर मागे मुख्यतः मीठ उरतं. आणि बोटीच्या सीटचा मोठा वैरी मीठच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषार उडतात, पाणी सुकतं, क्षार शिवणीत बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी पाझरते, तेच सीटच्या शिवणीत होतं. समुद्री क्षारांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाही पाणी ओढतं. म्हणजे खारवलेली सीट कोकणातल्या पावसाळ्यात कधी सुकतच नाही, कितीही पुसा. तिथेच बुरशी धरते. शिवाय काही बुरश्यांना प्लॅस्टिसायझर हेच खाद्य असतं.

म्हणून पहिलं काम घासणं नव्हे, मीठ काढणं. रोजच्या फेऱ्या संपल्या की सीटवर गोडं पाणी सोडायचं आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, बस्स. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. तेव्हा धुवायला ते चालेल, पण शेवटची बादली गोड्या पाण्याची हवी.

आठवड्यातून एकदा नीट धुवायचं तर ५ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे २ लहान चमचे पुरतात. सकाळी, सावलीत. तापलेल्या सीटवर साबण लगेच सुकतो आणि पांढरे ओघळ राहतात. एका वेळी एकच सीट घ्या, फेस २-३ मिनिटं राहू द्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने फिरवा. पायपिंगच्या खाचेत जुना मऊ टूथब्रश चालतो. पायांना लागून येणारी जांभ्याची तांबडी माती आधी सुकू द्या आणि कोरड्या ब्रशने झटका; ओली असताना चोळली तर व्हिनाइलच्या दाण्यांत भरते आणि गुलाबीसर झाक राहून जाते.

वरवर आलेल्या काळ्या ठिपक्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. मेडिकलमध्ये मिळणारं साधारण ६ टक्क्यांचं असतं. तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणा. आधी सीटच्या खालच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहा, रंगीत सीट असेल तर नक्कीच. मग ठिपक्यांवर कापसाने लावा, १० मिनिटं ओलं ठेवा, पुसा, धुवा. हातमोजे घाला. एवढ्यानेही गेलं नाही आणि सीट पांढरीच असेल, तरच ब्लीच: १ भाग ब्लीच, १० भाग पाणी, ५ मिनिटं, शिवण टाळून, आणि लगेच दोनदा गोड्या पाण्याने धुऊन टाकायचं. ब्लीचचा उपयोग एवढाच आणि इतकाच.

एक मात्र आठवणीत ठेवाच. मेसेजच्या काही आवृत्त्यांमध्ये ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड घालायला सांगितलंय. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बोटीच्या केबिनमध्ये किंवा बंद शेडमध्ये वाकून घासणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना तो इजा करतो, जीवावरही बेतू शकतं. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, आणि ज्याने पाठवला त्याला तसं सांगा.

“जादूच्या स्पंजाने डाग गायब”

हा स्पंज मेलामाइनचा फोम असतो. हाताला मऊ लागतो, काम करतो बारीक पॉलिशपेपरचं. डाग जातो तो विरघळून नाही, खरवडून. आणि डागाबरोबर वरचा लेपही जातो. शंका असेल तर घासलेली सीट उन्हात तिरकी धरून बघा. घासलेला भाग निस्तेज दिसेल, बाजूचा चमकेल. त्या निस्तेज भागावर पुढचा मळ आणखी लवकर बसतो, मग पुन्हा स्पंज, आणि असं करत करत एका मोसमात लेप संपतो. टूथपेस्ट, राख, तारेची घासणी या सगळ्यांची हीच गत. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर सरळ व्हिनाइललाच मऊ करतात आणि प्लॅस्टिसायझर ओढून घेतात.

काही डाग मुळात वरचे नसतातच. पांढऱ्या सीटवर गुलाबी किंवा जांभळट ढग उमटतात ते आतल्या बाजूने येतात. ओल्या फोमपाशी, व्हिनाइलच्या मागच्या कापडावर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा रंग प्लॅस्टिसायझरमध्ये विरघळतो आणि थरातून वर झिरपतो. वरून कितीही घासा, तो हटत नाही. ब्लीचने चार दिवस फिका पडतो, परत येतो. डाग कायमचा आहे हे मान्य करा आणि लक्ष आतल्या ओलीकडे वळवा. टायरचं रबर टेकून पडलेला तपकिरी पट्टाही असाच आत मुरतो. धक्क्याला लागताना बांधायचे टायर आणि ओली, रंग सोडणारी लाइफ जॅकेटं सीटवर ढीग करून ठेवू नका, एवढाच त्यावर उपाय.

“प्रेशर पंपाने धुवा”

५ मिलिमीटरचा टाका धरला तर मीटरभर शिवणीत सुईची २०० भोकं होतात. घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या आसपास दाबाने पाणी फेकतो. ते पाणी या भोकांतून फोममध्ये जातं आणि यायला वाट नसते. वरून सीट दोन तासांत कोरडी, आतून पंधरा दिवस ओली. बादली आणि तांब्या पुरेसा आहे. होज वापरायचा तर तोंडावर अंगठा न दाबता.

“खोबरेल लावा, रेक्झिन मऊ राहतं”

हे ऐकायला पटतं, कारण आपल्याकडे केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत खोबरेलच चालतं. पण व्हिनाइल म्हणजे चामडं नव्हे, तेल पिऊन ते मऊ होत नाही. खोबरेल वरच राहतं, वाळू आणि धूळ धरतं, खवट होतं, बुरशीला खायला मिळतं. थंडीच्या सकाळी बाटलीत थिजतं तसं सीटच्या दाण्यांतही थिजून मेणचट होतं. सूर्याच्या अतिनील किरणांना ते अडवतही नाही, आणि व्हिनाइल पिवळं पडतं, तडकतं ते मुख्यतः त्या किरणांनी. पिवळेपणा हा मळ नाही, तो धुऊन जात नाही.

खोबरेलाचा एक उपयोग मात्र खरा आहे. मेपासून पावसाळाभर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात आणि पर्यटकांच्या तळपायांबरोबर बोटीत चढतात. सीटला डांबर लागलं तर आधी बर्फाचा खडा धरून ते कडक करा, प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने अलगद उचला, उरलेल्या डागावर खोबरेलाचा कापूस दोन मिनिटं ठेवा, टिपा, आणि लगेच लिक्विड सोपने तेल पूर्ण धुऊन काढा. हे त्याच दिवशी करा. डांबराचा रंगही व्हिनाइलमध्ये मुरतो.

डॅशबोर्ड आणि टायरच्या चकचकीत पॉलिशबद्दल थोडं वेगळं. त्यातलं सिलिकॉन व्हिनाइलला जाळत नाही, पण सीट निसरडी होते, आणि हलत्या बोटीत सीटवर पाय देऊन चढणारी माणसं असतातच. ज्या पॉलिशला रॉकेलसारखा वास येतो, त्यातला द्रावक प्लॅस्टिसायझर ओढतो. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे ठिगळ चिकटवायचं म्हटलं तर सोल्यूशन धरत नाही. यूव्हीपासून, म्हणजे अतिनील किरणांपासून, संरक्षण देतो असं स्पष्ट लिहिलेला, पाण्यावर आधारित स्प्रे घ्या. धुतलेल्या, पूर्ण सुकलेल्या सीटवर सावलीत पातळ मारा, पसरवा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मोसमात दर ३-४ आठवड्यांनी. याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक आहे ती सावली: बोट उभी असताना सीटवर टाकलेलं जाड सुती कापड.

“ताडपत्री आवळून बांधा, ओल जाणार नाही”

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हा. पावसाळ्यात ओल बाहेरून आत जायची गरजच नसते, ती आतल्या हवेत, फोममध्ये आणि सीटच्या तळाच्या प्लायवुडमध्ये आधीच असते. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री आवळली की दुपारी आत वाफ धरते, रात्री ती थंड होऊन सीटवर थेंबाथेंबाने टपकते. ऑगस्टमध्ये ताडपत्री उघडली की जो कुबट भपकारा येतो तो त्याचाच. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या माडाच्या झापांनी शाकारायची जुनी पद्धत यापेक्षा शहाणपणाची होती: पाणी निथळून जायचं आणि खालून वारा खेळायचा.

सीट सुटणाऱ्या असतील तर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांतच त्या काढून घरी न्या. गोड्या पाण्याने धुवा, मागची चेन उघडून फोम बाहेर काढा, दोन्ही वेगवेगळे सुकवा, सावलीत आणि वाऱ्यावर. मग माळ्यावर किंवा पडवीत कडेवर उभ्या करा, भिंतीपासून चार बोटं सोडून, एकीवर एक रचू नका. बोटीतच ठेवायच्या असतील तर मधोमध बांबूचा कणा टाकून ताडपत्री दोन्ही बाजूंनी उतरती बांधा, पाणी साचता कामा नये, आणि पुढची-मागची तोंडं वीतभर उघडी ठेवा. उघडीप मिळाली की सीट उचलून उभ्या करा.

नवीन सीट शिवून घेताना तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन नको, उन्हासाठी आणि समुद्रासाठी म्हणून विकलं जाणारं व्हिनाइल मागा. दोरा पॉलिस्टरचा घ्या, तो उन्हात नायलॉनपेक्षा टिकतो. स्टेपल पिना स्टेनलेसच्या, त्यातही ३१६ नंबरच्या स्टीलच्या मिळाल्या तर उत्तम. साध्या लोखंडी पिना गंजतात आणि कडेने तांबडे ओघळ सोडतात, ते ओघळ घासायचे नसतात, पिना बदलायच्या असतात. तळाच्या मरीन प्लायला सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडांनाही, रंग किंवा इपॉक्सी द्या आणि पाणी निथळायला वीतभर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडा.

जुनी सीट असेल तर तिच्यावर स्प्रे आणि व्हिनाइलचा खर्च करण्याआधी उलटी करून प्लायला तीन-चार ठिकाणी दाभण टोचून बघा. दाभण सहज आत शिरलं तर आधी प्लाय बदला.