“कुलदैवत कळलं की मूळ गाव कळलं”: भावकीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

सातारा-सांगलीकडच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गाभा असा: आडनाव आणि कुलदैवत जुळलं की मूळ गाव कळतं, सातबारा काढला की दीडशे वर्षं मागे जाता येतं, त्याहून जुनं हवं असेल तर साताऱ्याचं गॅझेटियर आणि १८८१ ची जनगणना पाहावी, शेतकरी घराणी हलली ती १८७६ च्या दुष्काळात, बाकी सगळं हेळव्याच्या, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढीजात सांगणाऱ्याच्या, वहीत आहे, आणि तरीही काही मिळालं नाही तर कागद इंग्रजांनी लंडनला नेले असं समजावं.

हा संदेश पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण त्याच्या वाटेनं गेलेला माणूस बहुधा भलत्याच गावात पोचतो, आणि ते भलतं गाव मग छापील वंशावळीत कायमचं बसतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“आडनावावरून मूळ गाव कळतं.”

पवार, जाधव, मोहिते, शिंदे, चव्हाण ही कुळांची नावं आहेत, गावांची नाहीत. खटावातले जाधव आणि वाळव्यातले जाधव एकाच घरातून निघाले, असं नुसतं आडनाव सांगू शकत नाही. पाटील, चौगुले, कुलकर्णी ही कामाची नावं. वतन मिळालं, वाटलं गेलं किंवा हातचं गेलं की नावही बदलायचं. ‘कर’ लागलेलं आडनाव गाव सांगतं खरं, पण बहुतेक वेळा मधल्याच मुक्कामाचं. नव्या गावातले लोक आलेल्या माणसाला तो जिथून आला त्या गावावरून ओळखतात. तीन टप्प्यांनी आलेल्या घराण्याच्या आडनावात त्या आधीच्या टप्प्यांचा मागमूस राहत नाही.

त्यातून एकोणिसाव्या शतकातल्या महसुली कागदांत आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘राणू वलद बाळा’ किंवा ‘राणू बिन बाळा’ एवढंच असतं, म्हणजे बाळाचा मुलगा राणू. बाईची नोंद ‘गोदी कोम राणू’ किंवा ‘गोदी भ्रतार राणू’ अशी. तेव्हा शोध आडनावाचा करायचा नाही, नावांच्या संचाचा करायचा. राणू आणि बाळा गावोगाव डझनानं सापडतात, पण ‘तुका, राणू व खंडू वलद बाळा’ असे तिघे भाऊ दोन गावांत योगायोगानं सापडणं अवघड.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात नेहमी पाय जातो. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे ‘राणू वलद बाळा’ दोन पिढ्यांनी पुन्हा येतो. साठ वर्षांच्या अंतरानं आलेल्या या दोन नोंदी एकाच माणसाच्या धरल्या, की वंशावळीतून मधल्या दोन पिढ्या गळतात आणि सगळ्या तारखा घसरतात. एकाच नावाच्या दोन नोंदींत चाळीस वर्षांहून जास्त अंतर असेल, तर त्या दोन माणसांच्या आहेत असं धरूनच पुढे चालावं.

“कुलदैवत कळलं की मूळ गाव कळलं.”

पालीचा खंडोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, शिखर शिंगणापूरचा महादेव, औंधची यमाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा. या प्रत्येक दैवताला शेकडो गावांतली हजारो घराणी मानतात. पालीला जाणारं घराणं पालीहून निघालं, असं म्हणायला काही आधार नाही. देवकाचंही तेच. ते कुळ सांगतं, गाव सांगत नाही.

उपयोगी पडतं ते लहान दैवत. घराण्यातली माणसं स्वतःच्या गावची जत्रा सोडून, वर्षाआड का होईना, लांबच्या एखाद्या वाडीतल्या भैरोबाला, म्हसोबाला किंवा जोगुबाईला नैवेद्य घेऊन जात असतील, आणि तिथे त्यांना काही मान असेल, तर ती वाडी तपासायला घ्यावी. पण सिद्ध झाली असं तेव्हाही म्हणू नये. तो नवस आजीच्या माहेरचाही असू शकतो.

“सातबारा काढला की दीडशे वर्षं मागे जाता येतं.”

सातबारा ज्या हक्कनोंदणीतून आला तिचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा, आणि ती पद्धत गावोगाव रुजली १९१३ नंतर. त्यामुळे फेरफारांची, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदींची, साखळी धरून मागे गेलं की बहुतेक गावांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ती संपते. त्यापुढे कागद आहेत, पण ते वेगळे आहेत आणि वेगळ्या ठिकाणी आहेत.

क्रम असा ठेवावा. आधी आजचा गट नंबर घेऊन भूमि अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचा, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडले त्या वेळचा, ९(३), ९(४) चा उतारा काढावा. १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालेल्या गावांत गट नंबराचा जुन्या सर्व्हे नंबराशी आकड्यांचा काहीच संबंध उरलेला नाही. हा उतारा वगळून जुन्या दप्तरात गेलेला माणूस दुसऱ्याच्याच शेताचे कागद वाचत बसतो. सर्व्हे नंबर हाती आला की तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून जुने सातबारा, फेरफार नोंदवही आणि वारस नोंदी मागाव्यात. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि वर्षांचा पट्टा स्पष्ट लिहावा; ‘आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद’ अशा अर्जाला नकारच मिळतो. त्याच्याही मागे मूळ मोजणीचे कागद येतात: शेतवार पत्रक (शेतागणिक खातेदारांची यादी), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचं पत्रक), टिपणं (मोजणीच्या मापांची नोंद). साताऱ्यात ही मोजणी १८५० च्या दशकापासून पुढे झाली आणि जमाबंदी, म्हणजे साऱ्याची आकारणी, साधारण तीस वर्षांसाठी ठरायची. फेरमोजणीत काही गावांचे नंबर बदलले, त्यामुळे तिथेही जुना-नवा नंबर जुळवून घ्यावा लागतो.

हे कागद वाचताना तीन गोष्टी फसवतात. पहिली, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव थोरल्या भावाचं असतं, जमीन सगळ्यांची. धाकट्यांची नावं दिसत नाहीत म्हणून ते गाव सोडून गेले असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकतो. दुसरी, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा, अर्थात अल्पवयीन वारसाचा, पालनकर्ता. हा चुलता असू शकतो, मामाही असू शकतो. मामा असेल तर त्याचं गाव आजोळ आहे, मूळ गाव नाही. तिसरी गोष्ट सनांची. मोडी कागदांत शक, फसली आणि सुहूर असे तिन्ही सन भेटतात. शकात ७८ मिळवावे, फसलीत ५९०, सुहूरमध्ये ५९९. फसली आणि सुहूर दोन्ही मृगापासून, म्हणजे जूनपासून सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला आणखी एक वर्ष मिळवायचं. सुहूर सन अक्षरांत असतो: ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२१८, अर्थात इसवी १८१७-१८. फसलीला सुहूर समजलं तर नऊ वर्षांची चूक होते, आणि नऊ वर्षांत एक घराणं सहज गाव बदलतं.

सर्व्हेच्या आधीच्या काळासाठी पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आहे. तिथे साताऱ्याच्या महाराजांच्या कारभाराचे रुमालही, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठेही, आहेत. थळझाडा मिळाला तर नशीब. त्यात गावातली जमीन थळांप्रमाणे, म्हणजे मूळ घराण्यांच्या वाट्यांप्रमाणे, आणि मूळ मिरासदारांच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या शेतकऱ्यांच्या, नावांनी मांडलेली असते. ‘गतकुळ’ हा शब्द दिसला तिथे थांबावं. ज्या मिरासदाराचं कुळ गेलं किंवा खुंटलं, त्याच्या जमिनीपुढे तो लिहिलेला असतो. गाव सोडून गेलेल्या घराण्याची मागे उरलेली हीच सर्वांत स्पष्ट खूण.

एक सूचना सांगलीकरांसाठी. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. तासगाव, वाळवा, खानापूर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातारा जिल्ह्यात होते. आटपाडी औंध संस्थानात, जत डफळ्यांच्या संस्थानात, मिरज आणि सांगली पटवर्धनांकडे. तेव्हा आपलं गाव त्या काळी कोणाच्या अमलाखाली होतं हे आधी ठरवावं. दप्तर कुठे शोधायचं ते त्यावरून ठरतं. गावाच्या नावापुढे तालुका लिहिल्याशिवाय टिपण करू नये. वडगाव हवेली कराडात आहे, वडगाव जयराम स्वामी खटावात, आणि खानापूर तर बेळगाव जिल्ह्यातही आहे.

“गॅझेटियरमध्ये आणि १८८१ च्या जनगणनेत नाव मिळतं.”

मिळत नाही. साताऱ्याचं गॅझेटियर १८८५ चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड. त्यात जातवार लोकसंख्या, पिकं, सारा, गावांची वर्णनं आहेत. खातेदारांची यादी नाही. जनगणनेचे छापलेले आकडे उरले, घरोघरचे तक्ते जपले गेले नाहीत. पणजोबांच्या काळात परिसर कसा होता हे गॅझेटियरमधून उत्तम कळतं. त्यासाठी ते जरूर वाचावं.

“घराणी हलली ती १८७६ च्या दुष्काळात.”

या मुद्द्यावर सर्वांत जास्त वंशावळी घसरतात. १८७६-७७ चा दुष्काळ भयंकर होता आणि माण, खटाव, खानापूर, तासगाव या पूर्वेकडच्या पट्ट्याला त्याचा तडाखा मोठा बसला. पण दुष्काळात माणसं जनावरं घेऊन पाण्याकडे जातात, दुष्काळी कामावर जातात, आणि पाऊस पडला की बरीचशी परत येतात, कारण जमीन मागे असते. कायमचं स्थलांतर मानायला जमीन सुटल्याचा पुरावा हवा. १८५० नंतरच्या दप्तरात तो राजीनामा-कबुलायतीच्या रूपानं असतो: जुना खातेदार राजीनामा देतो, नवा कबुलायत देतो. राजीनाम्याचं वर्ष १८७६ च्या आसपास नसेल तर दुष्काळ हे कारण बाजूला ठेवावं.

घरातली ‘मोठ्या दुष्काळाची’ आठवण तारीख ठरवायला पुरत नाही. १८०२-०४, १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे चार मोठे दुष्काळ तिच्यात एकमेकांत मिसळलेले असू शकतात. पहिल्याचा विचार तर कोणी करतच नाही. त्या दुष्काळानं आणि त्या सुमाराच्या धाडींनी ओस पडलेल्या जमिनी पुढे कौल, म्हणजे साऱ्यात सवलतीचा करार, देऊन लावल्या गेल्या. अशा जमिनीवर येणारा उपरी, म्हणजे वंशपरंपरागत हक्क नसलेला, शेतकरी सहज हलणारा. मिरासदारासारखी गावाशी त्याची गाठ नव्हती, चांगला कौल मिळाला की तो पुढच्या गावी जायचा. दुष्काळाविना हलण्याची कारणंही भरपूर होती: कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून १८६० च्या दशकात निघालेल्या कृष्णा कालव्याचं पाणी, मुंबईच्या गिरण्या, प्लेगमध्ये गावठाण सोडून मळ्यात केलेली आणि तिथेच राहिलेली वस्ती. आणि सगळ्यांत मोठं, पण वंशावळीत न लिहिलं जाणारं कारण म्हणजे घरजावई. जमीन सासऱ्याकडून आलेली दिसली तर नवऱ्याचं गाव शोधण्याआधी बायकोचं माहेर शोधावं. दोघांचा सोयरसंबंध कोणत्या गावांत होता तिथून वाट निघते.

स्थलांतर सिद्ध झालं असं कधी म्हणावं? समजा, खटाव तालुक्यातल्या एका गावात तुका, राणू, खंडू वलद बाळा यांची खाती आहेत आणि १८६८ नंतर राणूचं खातं नाही. वाळव्यातल्या एका गावात १८७१ ला राणू वलद बाळा प्रथम दिसतो. हा अजून तर्कच आहे. आता तो खोडून काढायचा प्रयत्न करावा. खटावच्या गावची कोतवाल बुकं, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, उपलब्ध असतील तर त्यांत राणू वलद बाळा नंतर मेल्याची नोंद शोधावी. ती सापडली तर वाळव्याचा राणू दुसरा. सापडली नाही, आणि पुढे एखाद्या वारस नोंदीत किंवा वाटणीपत्रात खटावच्या भावांची नावं वाळव्याच्या घराण्याबरोबर आली, तर मात्र दोन्ही टोकं जुळली. कोतवाल बुकातलं वय चाळीस, पन्नास, साठ असं अंदाजानं घातलेलं असतं, आणि जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव पुष्कळदा नसतं, नुसतं ‘अमक्यास मुलगा’ असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला जन्मगावाचा रकाना तर फारच जपून वाचावा. पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे थोरल्या मुलाचं जन्मगाव बहुधा त्याचं आजोळच असतं.

“हेळव्याच्या वहीत सगळं असतं.”

हेळव्यांनी सांगली-साताऱ्यातल्या शेतकरी घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, हे ऋण मोठं आहे. भावकीच्या शाखा आणि कोण कुठे जाऊन राहिला याबाबत त्यांची माहिती पुष्कळदा कागदापेक्षा भरलेली असते. अलीकडच्या चार-पाच पिढ्या बऱ्याचदा महसुली नोंदींशी जुळतात. त्यापलीकडे नावं लांबत जातात आणि शेवटी एखाद्या राजघराण्याशी जोडलेली असतात. तो भाग पुरावा म्हणून घेऊ नये. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या याहून उपयोगी ठरतात, कारण तिथे यात्रेला आलेल्या माणसानं आपलं गाव आणि भावांची, मुलांची नावं त्या दिवशी सांगून लिहवलेली असतात. तिथे गेल्यावर आडनावाआधी गाव सांगावं, आणि आजच्या गावासोबत तर्कातल्या जुन्या गावाचीही वही मागावी. त्याच माणसाची नोंद जुन्या गावच्या पानावर असेल तर तारखेसकट उतरवून घ्यावी.

“कागद इंग्रजांनी लंडनला नेले.”

लंडनला सरकारी पत्रव्यवहार आणि अहवाल गेले. तुमच्या पणजोबांच्या शेताचं शेतवार पत्रक तिकडे गेलेलं नाही. ते तालुक्याला, जिल्ह्याला किंवा पुण्याला आहे. नसेल तर वाळवीनं, पुरानं किंवा ओलीनं गेलं. जे उरलंय ते मोडीत आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दिसत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी माहीत असलेलं नावच तिथे दिसू लागतं. म्हणून नक्कल दोन जाणकारांकडून वेगवेगळी वाचून घ्यावी, आणि दुसऱ्याला पहिल्याचं वाचन आधी दाखवू नये.