पावसाळा म्हणजे फिशिंगचा सीझन? नाही हो काका

जूनचे पहिले शिंतोडे पडले की आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला, दोन दिवसांत तीन जणांकडून आला, त्यातले एक काका तर असे की ज्यांच्या रामबागेतल्या घरात तीन पिढ्यांत मासा शिजलेला नाही, पण फॉरवर्ड मात्र केला. वर एका दाढीवाल्या गृहस्थाचा मासा धरलेला फोटो आणि खाली मजकूर. थोडक्यात सांगायचं तर तो म्हणतो की पावसाळा हाच फिशिंगचा खरा सीझन, नवं पाणी आलं की मासा वर चढतो, तेव्हा डॅमच्या खाली उभं राहून गळ टाका. बंदी जाळेवाल्यांना आहे, रॉडवाल्यांना नाही. लहान मासा सोडा आणि मोठा न्या, मोठा म्हातारा असतो, अंडी देत नाही. सोडलेला मासा शंभर टक्के जगतो. माशाला दुखत नाही. आणि सरकार दरवर्षी माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडतंच, त्यामुळे मासे संपायचा प्रश्नच नाही.

आधीच सांगतो, मी काही प्राणिमित्र वगैरे म्हणून हे लिहीत नाहीये. वीस वर्षं गळ टाकतोय, वडिलांच्या बांबूच्या बंसीवर शिकलो, आता रॉड-रील आहे, चोरल, बडवाह, मंडलेश्वर सगळीकडे उन्हात बसून पाठ भाजून घेतलीये. मासा खातोही. म्हणून तर हा मेसेज जास्त झोंबला, कारण यातलं अर्धं आम्हीच गळवाल्यांनी एकमेकांना सांगून सांगून पसरवलंय.

पहिलं, मासा वर चढतो म्हणून तेव्हा धरा. चढतो हे अगदी खरं. महाराष्ट्रात याला चढणीचे मासे म्हणतात, माझी आजी अजून त्या नावानं तोंडाला पाणी सुटल्यासारखं बोलायची. पण तो चढतो कशाला, हवा खायला? रोहू, कटला, मृगल ही मंडळी साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं, चढतं, गढूळ पुराचं पाणी लागतं, तेव्हाच त्यांचं शरीर तयार होतं. ही गोष्ट इतकी पक्की आहे की तळ्यात वाढवलेल्या माशांकडून अंडी घेता येत नव्हती म्हणून अख्खा धंदा नदीतून गोळा केलेल्या बीजावर चालायचा. मग 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क इंजेक्शननं देऊन कार्पची, म्हणजे रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या माशांची, अंडी काढून दाखवली. आजही 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यपालक दिन असतो तो त्यासाठीच. म्हणजे जे इंजेक्शन तळ्यातल्या माशाला माणूस देतो ते नदीतल्या माशाला पूर देतो, आणि त्याच आठवड्यात आपण कणकेची गोळी घेऊन वाटेत उभे. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाची बस लुटावी तसं आहे हे.

बंदी रॉडला नाही, हा तर साफ खोटा मुद्दा. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद ऋतू असतो, नदीय मत्स्योद्योग नियम 1972 चे आहेत, आणि त्यात मत्स्याखेट हा शब्द आहे, म्हणजे मासे मारणं, मग ते जाळ्यानं असो की गळानं. पकडणं बंद, विकणं बंद, वाहून नेणंही बंद. मोडलं तर 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. सूट आहे ती फक्त अशा लहान तलावांना ज्यांचा कुठल्या नदीनाल्याशी संबंध नाही. आता खरं सांगायचं तर रॉडवाल्याला कोणी धरत नाही, गाडी शहरातली, टोपी ब्रँडेड, इंग्रजी दोन वाक्यं, सुटतो. धरला जातो तो गावातला पोरगा ज्याच्याकडे फाटकं जाळं आहे. हे बघितलंय मी, एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा तिथे बसलेला रॉडवाला मी होतो, बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, काही बोललो नाही, सामान आवरून निघून आलो. तेव्हापासून जुलैत जात नाही. आणि हो, बाकीच्या दहा महिन्यांतही बहुतेक तलाव कुठल्यातरी समितीच्या ठेक्यावर असतात, तिथे विचारूनच बसायचं असतं, हे पण त्या मेसेजमध्ये नाही.

डॅमच्या खाली उभे राहा. हे ज्यानं लिहिलं तो निमाडात, म्हणजे आमच्या इकडच्या नर्मदाकाठच्या भागात, कधी आलेला नसणार. मासा तिथे गोळा होतो हे खरं, भिंतीपुढे वर जाता येत नाही म्हणून अडकलेला असतो बिचारा. पण एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला काय झालं ते आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल, अमावस्येच्या मेळ्याला नर्मदेच्या पात्रात लोक झोपले होते, वरून इंदिरा सागर धरणाचं पाणी सुटलं आणि 60 च्या वर माणसं गेली. तो उन्हाळा होता, आकाश कोरडं होतं. पावसाळ्यात तर गेट कधी उघडतील याचा नेम नाही, भोंगा वाजला तरी खडकावरून काठावर यायला जी पाच-सात मिनिटं लागतात ती मिळतीलच असं नाही. वर हल्लीचे रॉड कार्बनचे, त्यातून वीज जाते, आणि पावसात ढग डोक्यावर असताना दहा फुटी कार्बन हातात उभा धरणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता माझा मुख्य राग ज्यावर आहे तो मुद्दा. मोठा न्या, तो म्हातारा, अंडी देत नाही. अहो, बरोब्बर उलटं आहे! माशाला माणसासारखी रिटायरमेंट नसते. रोहूची मादी दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला वयात येते आणि त्यानंतर जितकी वाढेल तितकी अंडी वाढत जातात. एका मादीत सव्वादोन लाखांपासून जवळजवळ 28 लाखांपर्यंत अंडी मोजली गेलीयेत, आणि हा फरक पडतो तो मुख्यतः अंगाच्या आकारानं. समुद्री माशांच्या 342 जातींवर 2018 साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात निघालं की बहुतेक जातींत अंड्यांचं प्रमाण वजनाच्या हिशोबापेक्षा जास्त चढतं, म्हणजे दोन-दोन किलोच्या पाच माद्या मिळून जितकी अंडी देतील त्यापेक्षा दहा किलोची एकटी जास्त देते. ते समुद्रातले मासे, आपले नदीतले, आकडे जसेच्या तसे लावू नका, पण म्हातारी म्हणून वांझ हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. नदीची खरी आई तीच असते जिचा आपण फोटो काढतो.

त्यात महाशीर असला तर अजून वाईट. निमाडात त्याला बाडस म्हणतात, 2011 पासून मध्य प्रदेशाचा राजमासा आहे. हा रोहूच्या मानानं अंडी फारच कमी घालतो, तीही एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं, आणि त्याला हवं असतं वाहतं स्वच्छ पाणी आणि खाली गोटे. नर्मदेवर एकामागे एक धरणं झाल्यावर वाहतं पाणी उरलंय किती ते महेश्वरच्या घाटावर उभं राहून बघा, तळं झालंय नुसतं. ज्याच्याकडे मुळात बाळंतपणाची जागाच उरली नाही त्याची उरलीसुरली मोठी मादी आपण ‘म्हातारी’ म्हणून घरी न्यायची, आणि वर म्हणायचं लहान सोडले बघा, किती जागरूक आम्ही.

सोडलेला जगतोच. जगू शकतो, पण कसा सोडला त्यावर आहे. 1992 साली कॅनडात ट्राउट माशांवर एक प्रयोग झाला, माशाला दमेस्तोवर पळवलं आणि सोडलं तर बारा तासांत शंभरातले 12 मेले, दमवून वर 30 सेकंद पाण्याबाहेर ठेवलं तर 38 मेले, पूर्ण मिनिट ठेवलं तर 72. बहात्तर! ट्राउट थंड पाण्याचा नाजूक मासा, आपला रोहू चिवट, तो इतका मरणार नाही, कबूल. पण आपलं पाणीही थंड नाही ना. 20 अंशाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहतो, 30 अंशाला साडेसात, म्हणजे मे महिन्यात दुपारी दोनला दमलेला मासा सोडणं म्हणजे धावून आलेल्या माणसाच्या तोंडावर उशी ठेवण्यासारखं. आणि सोडणारे सोडतात कसे? आधी वाळूत ठेवतात, मग कोरड्या हातानं धरतात, त्यानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो जो त्याचं चिलखत असतो, मग मोबाइल सापडत नाही, मग ‘एक माझा पण काढ ना’, मग कल्ल्यात बोट घालून पुन्हा उभा धरतात. पाण्यात सोडला की शेपूट हलवत जातो, आपण टाळ्या वाजवतो, तो मरतो तो संध्याकाळी, आपण तेव्हा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात असतो.

यावर उपाय अवघड नाहीत. गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकायचा, हात ओले करायचे, फोटो काढायचाच तर मासा पाण्यातच धरून, आणि गळ घशाखाली गेला असेल तर ओढायचा नाही, दोर तिथेच कापून टाकायचा, त्यानं वाचायची शक्यता जास्त असते. फक्त एक अपवाद, थाई मांगूर गळाला लागला तर सोडू नका कृपा करून. 2000 सालापासून देशात पाळायला बंदी आहे, तरी लोक पाळतात, पुरात निसटून नदीत येतो आणि जे दिसेल ते खातो. तिथे भूतदया दाखवली तर बाकी सगळ्या माशांवर अन्याय.

माशाला दुखत नाही, याच्यावर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे, त्यामुळे मी जज होत नाही. 2003 मध्ये स्कॉटलंडमध्ये ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिड टोचून बघितलं तर ते ओठ खड्यांवर घासत होते, श्वास जोरात चालू होता, खाणं कितीतरी वेळ बंद. दुसरी बाजू म्हणते की माशाच्या मेंदूत तो भागच नाही ज्यानं दुःख ‘जाणवतं’. असेल. पण ‘दुखतच नाही’ असं ठणकावून सांगायला मेसेज लिहिणारा काय मासा होता?

राहिलं सरकारचं बीज. सोडतात, खरंय, रोहू-कटल्याचं भरपूर सोडतात, तलावांना त्याचा फायदाही होतो. पण बीज म्हणजे सगळ्यावर औषध नाही, यावर कावेरीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे आणि त्यात आपला महाराष्ट्र पण आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या हॅचरीत 1970 च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार होतात, फार मोठं काम आहे ते, त्याला नावं ठेवायची नाहीत. तिथला निळसर पराचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुदरी, चांगल्या हेतूनं कावेरीतही सोडला गेला. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी. तिथे भीमेश्वरी, गॅलिबोर असे फिशिंग कॅम्प होते, पकडून सोडायचे आणि प्रत्येक मासा वहीत लिहायचा असा नियम. पुढे संशोधकांनी त्या 1998 ते 2012 च्या वह्या उघडल्या तर दिसलं काय, बाहेरून आणलेला वाढत गेला आणि कुबडवाला कमी कमी होत जवळजवळ दिसेनासा झाला. 2018 मध्ये त्याला धड शास्त्रीय नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव आणि निरोप एकाच वर्षी. मासे ‘संपले नाहीत’, बरोबर, नदी महाशीरनं भरलेलीच होती, फक्त तिचा स्वतःचा संपत आला.

पण यात गळवाल्यांचीही एक बाजू आहे. हे कळलं कोणामुळे? वही लिहिणाऱ्या हौशी लोकांमुळे. आमच्याकडे कोण लिहितं? मी चार वर्षांपासून लिहितोय, तारीख, जागा, जात, लांबी, सोडला का नेला. आधी मित्र हसायचे, ‘भिया, मच्छी का हिसाब रखता है’, आता दोघं जण लिहितात.

शेवटचं, तो फोटो. खाली लिहिलंय 40 किलोचा रोहू, चोरल डॅम. रोहूचं 45 किलोपर्यंतचं वजन पुस्तकात आहे, पण तो पाच फुटांच्या आसपासचा मासा. वजन लांबीच्या घनानं वाढतं, दोन फुटी रोहू अडीच-तीन किलोचा भरतो, तीन फुटी साधारण नऊचा. या फोटोत मासा कॅमेऱ्याकडे हात लांब करून धरलाय, जुनी ट्रिक आहे, आम्ही सगळ्यांनी केलीये, पकडणाऱ्याची बोटं बघा, केळ्याएवढी दिसतायत आणि त्याचं डोकं मागे लिंबाएवढं. झूम करा आणि पोट पण बघा, दोन्ही बाजूंनी फुगून खाली लोंबतंय. काका, तो मासा 40 किलोचा नाही, फार तर आठ-नऊ किलोचा असेल, आणि त्यातली किलो-दीड किलो गाभोळी आहे, म्हणजे अंडी.