हवालदाराची गोष्ट

टोरंटोत डिसेंबरमध्ये पावणेपाचलाच दिवे लागतात. स्वयंपाक उरकला की मी 'मर्डॉक मिस्टरीज'चा एखादा भाग लावते. २००८ साली सुरू झालेली ही मालिका याच शहरात घडते, १८९५पासून पुढे. डिटेक्टिव्ह विल्यम मर्डॉक सायकलवरून हिंडतो आणि बोटांच्या ठशांवर भरवसा ठेवतो. (त्याच दशकात कोलकात्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ठशांचं वर्गीकरण बसवत होते; स्कॉटलंड यार्डने ती पद्धत १९०१मध्ये घेतली. इथे भेटेल त्याला मी हे सांगते.) पण मला बांधून ठेवते ती त्याची अडचण. मर्डॉक कॅथलिक, आणि तेव्हाचं टोरंटो ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेच्या पगड्याखालचं. ज्या खात्याची तो इमानाने चाकरी करतो, ते त्याला पुरतं आपलं मानत नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याहून मामाचा फोन आला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ऐतिहासिक मालिकेवरून पुन्हा जुंपली होती. पोशाख चुकला, इतिहासाची मोडतोड झाली, बंद करा. मामा म्हणाला, "तुमच्याकडे बरं आहे गं, कुणाच्या भावनाच दुखावत नाहीत."

तसं नाही. इथल्या क्वीन्स पार्कमधला कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन मॅकडॉनल्ड यांचा पुतळा २०२०पासून जवळजवळ पाच वर्षं फळ्यांआड झाकलेला होता. मूळनिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. ते दुखणं खरं आहे, आणि मर्डॉकच्या देखण्या टोरंटोत ते फार थोडं दिसतं, ही माझी तक्रारही आहे. तरी इथला मोकळेपणा मला हवासा वाटतो. २०११मध्ये पंतप्रधान असलेले स्टीफन हार्पर या मालिकेत चौकीतल्या साध्या पोलिसाच्या भूमिकेत आले. समोर आलेल्या, मालिकेच्या काळातल्या पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांना तो पोलीस ओळखतच नाही! आपल्याकडे असा प्रसंग लिहायला कोण धजेल?

आपल्या ऐतिहासिक मालिका राजांच्या आणि संतांच्या. मला हवालदाराची हवी आहे. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकरांच्या बाजूने ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, आणि १९७९मध्ये तिच्यावर उत्तम मराठी चित्रपटही झाला. पण समजा, तपासाला लावलेला एक मराठी हवालदार आहे. प्लेगच्या झडतीत गोऱ्या शिपायांनी त्याच्याच शेजाऱ्याचं देवघर विस्कटलेलं त्याने पाहिलंय. आता त्याला मारेकरी शोधायचाय, आणि तो हुशार आहे, शोधूही शकेल. त्याला गद्दार ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला त्याच्याबरोबर बारा भाग चालायचंय.

हे सगळं मामाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि चौकशीला आपल्या वाड्यात आला, तर त्याला पाणी कोण देईल?"

पहिला भाग तिथूनच सुरू करायला हवा.