'साफ' चषक: भरवण्याची आणि मिरवण्याची रीत

दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे 'साफ'ची, अजिंक्यपद स्पर्धा भरवायचं तुमच्या मनात असेल, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवा. ही स्पर्धा दर दोन वर्षांनी व्हायची असते. म्हणून ती १९९९ नंतर थेट २००३ ला होते आणि २००५ नंतर २००८ ला. तिरुवनंतपुरमची २०१५ ची स्पर्धा ३ जानेवारी २०१६ ला संपली. बॅनरवर सालाची जागा कोरी ठेवलेली बरी, मागाहून मार्करने भरता येते.

किती संघ येणार, हे कुणाला विचारू नका. सदस्य देश सात. त्यातल्या एखाद्यावर 'फिफा'ची निलंबनाची कुऱ्हाड पडलेली असू शकते: २०२१ ला पाकिस्तानवर होती, २०२३ ला श्रीलंकेवर. अफगाणिस्तानने २०१३ ला कप जिंकला, पुढच्या खेपेला अंतिम सामना हरला आणि मध्य आशियाच्या पंगतीत जाऊन बसला. पानं अशी रिकामी दिसू लागली की पाहुणे बोलवा. २०२३ ला बेंगळुरूत कुवेत आणि लेबनॉनसाठी पाट मांडले होते. भूगोलाच्या बाईंच्या कानावर जाऊ देऊ नका म्हणजे झालं. पाहुण्यांमुळे खेळाचा दर्जा वाढतो हे खरंच आहे. फक्त कुवेत अंतिम सामन्यात भारताशी १-१ वर अडला आणि पेनल्टीवर ४-५ असा हरला, नाहीतर दक्षिण आशियाचा कप आखातात गेला असता.

आता गट. सात संघ आले की चार आणि तीन असे पाडायचे. खरी कला तीनच्या गटात आहे. कृती अशी: गटात एक बलवान आणि दोन बेताचे संघ घ्या. बलवानाने दोघांनाही सारख्याच फरकाने हरवू द्या, मग दोघांना आपसात गोलशून्य बरोबरी करू द्या. गुण, गोल, गोलफरक सगळं तंतोतंत सारखं उतरतं आणि नियमावलीच्या तळाशी राहते ती नाणेफेक. ढाक्यात २०१८ ला हीच कृती जमली. भारताने श्रीलंकेला २-० आणि मालदीवलाही २-० हरवलं, त्या दोघांची ०-० बरोबरी. दोघांकडे एक-एक गुण, गोल शून्य. नाणं मालदीवच्या बाजूने पडलं.

त्याच वेळी चारच्या गटात यजमान बांगलादेशने तीनपैकी दोन सामने जिंकून ६ गुण मिळवले होते. पण नेपाळ आणि पाकिस्तानचेही सहाच झाले, आणि शेवटच्या सामन्यात नेपाळकडून ०-२ खाल्ल्याने बांगलादेश गोलफरकात मागे पडून घरी गेला. (ते घरीच होते म्हणा.) इकडे एक गुण आणि शून्य गोलवाल्या मालदीवने उपांत्य फेरीत नेपाळला ३-० आणि अंतिम सामन्यात भारताला २-१ हरवून कप नेला. भारताने तेवीस वर्षांखालचा संघ पाठवला होता. ही सबब जपून ठेवा, हरल्यावर ती दर वेळी ताजी लागते. मात्र २००९ ला ढाक्यातच तेवीस वर्षांखालच्याच पोरांनी कप जिंकला होता, ते त्याच श्वासात बोलू नका.

पाहुण्यांची सरबराई कशी करावी? व्हिसा उशिरा निघेल असं बघा. २०२३ ला पाकिस्तानचा संघ मॉरिशसहून निघाला आणि ज्या दिवशी भारताशी सामना, त्याच दिवशी बेंगळुरूत पोचला. संध्याकाळी उभं राहायचं होतं. दहाव्या मिनिटाला त्यांच्या गोलकीपरच्या पायातला चेंडू निसटला, सुनील छेत्रीने तो जाळ्यात ढकलला, मग दोन पेनल्टीही मारल्या. निकाल ४-०. दुसऱ्या दिवशी लेख लिहिताना 'दणदणीत' हा शब्द वापरा, प्रवासाचे तास मोजू नका.

प्रशिक्षक शक्यतो रागीट निवडा. त्याच सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी थ्रो-इन घ्यायला निघालेल्या पाकिस्तानी खेळाडूच्या हातातला चेंडू उडवला. समोरच्या संघाला खेळ पुन्हा सुरू करू न देणं, हा बाकावरच्या माणसासाठी सरळ लाल कार्डाचा गुन्हा आहे. पुढचा नेपाळचा सामना बंदीत गेला. परत आले ते गटातल्या कुवेतच्या सामन्याला, आणि पुन्हा लाल कार्ड. त्या सामन्यात भरपाईच्या वेळेत भारताकडून स्वयंगोलही झाला आणि जिंकलेला सामना १-१ झाला. उपांत्य आणि अंतिम सामन्याला बाकावर होते सहायक प्रशिक्षक, गोव्याचे महेश गवळी. म्हणजे पाच सामन्यांपैकी एकही मुख्य प्रशिक्षकाने बाकावर बसून पुरा केला नाही, आणि कप आला. प्रशिक्षण शिबिराचा खर्च कुठे वाचवता येईल, ते तुमचं तुम्हाला कळलंच असेल.

पेनल्टीची तयारी मात्र करा, त्या स्पर्धेत भारताच्या उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांचा निकाल तिथेच लागला. किक बसेपर्यंत कीपरचा निदान एक पाय रेषेवर हवा. आधीच पुढे झेपावला तर अडवलेली किकही पुन्हा घ्यावी लागू शकते. अंतिम सामन्यात भारताचा गोलकीपर गुरप्रीतने कुवेतची शेवटची किक अडवली.

कप हाती आला की मिरवणूक. २०२३ पर्यंतच्या चौदा स्पर्धांत भारताचे नऊ कप, हा आकडा पाठ हवा. त्या जुलैत भारत 'फिफा'च्या क्रमवारीत ९९ वा झाला, त्या पानाची चौकट करून लावा. सहा महिन्यांनी कतारमध्ये आशियाई चषकात तीन सामने, तिन्ही पराभव, गोल शून्य, ती चौकट कपाटामागे. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानाचे मात्र दोन फोटो ठेवा: १९९९ चा, बांगलादेशला २-० हरवून 'साफ' जिंकल्याचा, दर्शनी भागात, आणि १४ ऑक्टोबर २०२५ चा, तिथेच सिंगापूरकडून १-२ हरून २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झाल्याचा, उलटा करून. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशने १-० हरवलं, २२ वर्षांत पहिल्यांदा. कुणी विषय काढलाच, तर लगेच नऊचा आकडा सांगा.

आणि कपाटातले कप मऊ कोरड्या फडक्याने नुसते पुसा. चिंच लावून घासायला जाऊ नका, पितळ उघडं पडतं.